गंजी जनवाड्याची की खजुरीची

मुलाकडची मंडळी चहाला टेकली आणि मुकुंदरावांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. त्यांच्या पत्नी शारदाबाईंनी घाईघाईनं पोह्यांच्या बशा पुढं सरकवल्या. लेक विभा आणि श्रीहरी कलबुर्गीच्या एकाच कॉलेजात शिकवत होते, एकमेकांना पसंत करून मोकळे झाले होते. आता हवा होता तो फक्त दोन्ही बापांचा होकार. आणि मुकुंदराव एकदा चित्रावर बोलू लागले की देवाच्या बापालाही आवरत नसत.

चित्र कुणा गोऱ्या साहेबाच्या हातचं, म्हणजे त्याची छापील प्रत, बिदरातून हौसेनं आणलेली. नदीकाठ, मातीची घरं, डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया, एक नांगर धरलेला माणूस. मुकुंदराव जनवाड्याचे, तेव्हा चित्रही जनवाड्याचंच. ही आपली मांजरा, आणि नांगरामागं आमचे पणजोबा, कारण उभं राहायची ढब घराण्यातली आहे, असं त्यांनी छातीठोक सांगितलं.

होऊ घातलेले व्याही विजयेंद्रराव खजुरीचे. त्यांनी चष्मा पुसला, चित्रातली खजुराची झाडं हेरली आणि गाव खजुरीच असल्याचा निकाल दिला. झालं! सीमाभागातली माणसं ही. गाव कुणाचं हा प्रश्न निघाला की पिढ्या सरतात, वाद सरत नाही. चहा निवला, पोह्यांना कुणी हात लावेना. चित्रात मागं दिसणाऱ्या त्रिकोणी ढिगावर तर हमरीतुमरी आली. मुकुंदराव म्हणत, ती आमच्या मळ्यातली कडब्याची गंजी. विजयेंद्रराव म्हणत, गंजी खरी, पण इतकी नीट रचणारा जनवाड्यात अजून जन्मायचाय. एवढं बोलून ते चपला शोधायला उठले.

विभाला राहवलं नाही.

"अप्पा, कामून भांडायलात? ती गंजी न्हाई, पिरॅमिड हाय. हे इजिप्त हाय."

"व्हय काका," श्रीहरीनं दुजोरा दिला, "अन् ती नाईल नदी."

दोन्ही बाप एकमेकांकडे बघत राहिले. मग विजयेंद्रराव सावकाश परत खुर्चीत बसले.

"मुकुंदराव, एवढं शिकवलं पोराला. साधी गंजी वळखंना झालाय."

"माझी कुठं वळखायलीय?" मुकुंदरावांनी कपाळावर हात मारला. "हिला दुसरं कोण पदरात घेणार?"

"अन् ह्याला कोण पोरगी देणार? शोभतेत एकमेकाला. उडवून टाकू बार."

विभानं काही बोलायला तोंड उघडलं, तोच शारदाबाईंनी त्यात मूठभर साखर कोंबली.