बिमार नसलेल्या माणसाचं पथ्य

नांदुऱ्याहून निघालेल्या एस.टी.त रमाकांतला बसायला जागा मिळाली, पण मांडीवरच्या पिशवीतून सफरचंदं डोकावत होती आणि तिथंच सगळं बिघडलं.

तो मोताळ्याला पंचायत समितीत कारकून होता. कचेरीच्या कामाला सकाळी नांदुऱ्याला गेला, दिवसभर या टेबलावरून त्या टेबलाकडे हिंडला आणि काम होतं तसंच ठेवून परत निघाला. निघताना स्टेशनाबाहेर त्यानं सफरचंदं घेतली, कारण प्रेमलानं ती सांगितली होती. लग्न झाल्यापासून बायकोनं स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. लहानपणी नागपूरला मावशीकडे तिनं एक गोड पदार्थ खाल्ला होता. सफरचंदं मधून पोखरून त्यांत साखर आणि दालचिनी भरायची, भोवती दुधात शिजवलेला साबुदाणा ओतायचा आणि वर-खाली निखारे ठेवून ते सगळं भाजायचं. एकदा तरी तो करून बघावा, एवढंच तिच्या मनात होतं.

शेजारी भगवानराव येऊन बसले. ते मोताळ्याचेच, कापसाचे अडते. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग रमाकांतकडे.

“घरी कोण बिमार हाये?”

“कोणी नाही.”

“मंग सफरचंद काऊन?”

“खायले.”

भगवानरावांना ते पटलं नाही. त्या भागात तेव्हा सफरचंद फळांत धरत नसत, औषधांत धरत. ते दिसायचं दवाखान्यात, खाटेशेजारी, आणि तेही डॉक्टरांनी बाकीचं सगळं बंद केल्यावर. रमाकांतनं मावशीपासून निखाऱ्यांपर्यंत सगळं समजावून सांगितलं. भगवानरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लपवून काय फायदा, रमाकांतभाऊ,” ते म्हणाले. “तोंड पाह्यलं का तुमचं? किती दिसाचं जागरण हाये हे?”

रमाकांतचं तोंड जन्मापासून तसंच होतं. पण हे कसं सांगणार? मग मागच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, त्यालाही मावशी सांगून झाली. कंडक्टरनं विचारलं, त्यालाही सांगून झाली. शेवटी भगवानरावांनी अगदी हळू आवाजात विचारलं, की शेषरावबुवांना बरं नाही का. शेषराव म्हणजे रमाकांतचे वडील, निवृत्त पटवारी, प्रकृतीनं पोरापेक्षा दणकट.

“हाव,” रमाकांत म्हणाला.

असं का म्हणालो, हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. तो थकला होता. ‘हाव’ म्हटल्याबरोबर गाडीतले सगळे समजूतदारपणे गप्प झाले आणि मोताळा येईपर्यंत त्याला छान झोप लागली.

उतरल्यावर तो साबुदाणा घ्यायला पंजाबरावांच्या दुकानात गेला, तर भगवानराव तिथं आधीच येऊन गेले होते. उपासाचा वार नव्हता, मग साबुदाणा कशाला, हे पंजाबरावांना विचारावं लागलं नाही. पुडी बांधता बांधता त्यांनी एक मोठा उसासा सोडला. रमाकांतनं घराची वाट धरली.

प्रेमलानं एकेक सफरचंद हातात घेऊन वास घेतला आणि लगेच अंगणात शेगडी पेटवली. पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर निखारे रचेपर्यंत शेजारच्या मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून आत आल्या. त्यांच्यामागून आणखी बायका आल्या, मग माणसं आली. ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या शेषरावांनी, कोण गेलं, म्हणून विचारलं. मनकर्णाबाईंनी उलट त्यांनाच विचारलं, की आता कसं वाटतंय. शेषराव म्हणाले, मस्त. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

रमाकांतनं प्रेमलाला स्वयंपाकघरात गाठून काय घडलं ते सांगितलं.

“काऊन म्हटलं तसं?”

“थकलो होतो.”

साबुदाण्यातून उरलेलं दूध तिनं चहाला घेतलं, ते पुरलं नाही म्हणून उद्याच्या विरजणासाठी ठेवलेलंही घेतलं आणि गाळणी धरून उभी राहिली. अंगणात माणसं येतच होती.

तोवर शेषरावांना सगळा प्रकार कळला होता. ते चिडले. आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला त्यांनी कुऱ्हाड काढली आणि सगळ्यांदेखत एक ओंडका फोडला. मग भाकर आणि ठेचा मागवून तिथंच बसून खाल्ला, वर कांदा बुक्कीनं फोडला. लोक बघत राहिले. शेषरावांचे जुने दोस्त उकंडराव डोळे पुसत बाजूच्याला म्हणाले,

“आखरीले माणसाले असंच खावंसं वाटते.”

जे उठायला निघाले होते, ते हे ऐकून परत बसले.

शेषराव आत आले. कपाळावर घाम होता आणि आवाजातला जोर गेला होता.

“रमाकांत, मी झोपलो त हे जातीन का?”

“जातीन, बाबा.”

शेषराव बाजेवर आडवे झाले, गळ्यापर्यंत घोंगडी ओढली आणि एकदा कण्हले. अंगणातली सगळी घालमेल थांबली. माणसं एकेक करून दारात आली, बघून गेली. आता त्यांच्या जिवाला बरं वाटत होतं.

नेमका तेव्हाच दालचिनीचा वास सुटला. मनकर्णाबाईंनी स्वतः निखारे झाडून झाकण काढलं. बिमाराचं खाणं तयार आहे, गरम आहे तोवर भरव, असं त्यांनी प्रेमलाला बजावलं. नको कशी म्हणणार? सगळ्यांच्या देखत ती पातेलं घेऊन बाजेशी बसली. सफरचंदं मऊ पडली होती, साबुदाणा मोत्यासारखा दिसत होता, वर तांबूस साय धरली होती. पहिला चमचा शेषरावांनी नाइलाजानं घेतला. दुसऱ्याला ते थोडे थांबले, चव घेतली. तिसऱ्यापासून ते न सांगता तोंड उघडू लागले. रमाकांत दारात उभा राहून पातेल्याचा तळ वर येताना बघत होता. प्रेमलाचा हात एकसारखा जात होता, चेहऱ्यावर काही नव्हतं. कडेला चिकटलेला खरपूस साबुदाणाही शेषरावांनी बोटानं दाखवून मागून घेतला.

खाल्लं बिचाऱ्यानं, असं म्हणत लोक समाधानानं घरी गेले. प्रेमलानं पातेलं घासून पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव काठी फिरवत बाजारापर्यंत जाऊन आले. गाव थक्क झालं. थोड्याच वेळात मनकर्णाबाई दारात हजर. त्यांच्या मालकांचा खोकला काही केल्या हटत नव्हता. कालचं ते औषध प्रेमलानं आपल्या घरी येऊन करून द्यावं, सफरचंदं त्या मागवून घेणार होत्या.

रमाकांत पुढे झाला. ते औषध नाही, मावशीकडचा गोड पदार्थ आहे, हे आता तरी सांगायलाच हवं होतं. पण प्रेमलानं त्याच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली.

“येतो ना काकू,” ती म्हणाली. “पण याची एक रीत हाये. जे करते, तिनं पहिले एक आख्खं सफरचंद बसून खावं लागते, साबुदाण्यासंगं. नाहीतर गुण येत नाही.”

“एकच काऊन, दोन खाय माय,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

खुलासा करायला उघडलेलं तोंड रमाकांतनं जांभई देऊन मिटलं.