गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे परब

आमच्या अंधेरीच्या इमारतीतील सत्यनारायणाच्या पूजेत मी संकल्पातील ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ उच्चारले, तेव्हा यजमान म्हणून पाटावर बसलेल्या गोविंद परबांनी पळीतले पाणी सोडण्यास साफ नकार दिला.

“गुरुजी, ह्या पत्त्यार पोस्टमन येवचो नाय, देव कसो येतलो? अक्षांश सांगा!”

परब माझे शेजारी. लेकाने परदेशातून धाडलेले, मुठीत मावणारे जीपीएस यंत्र ते तुळशीच्या माळेसोबत गळ्यात बाळगतात. आरे कॉलनीतल्या पायवाटा, पाणवठे, चहाची टपरी, एवढेच नव्हे, तर आपल्याला चावलेले कुत्रेही त्यांनी त्यात नोंदवले आहे. ते कुत्रे आता त्या जागी नसते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

“ती चूक कुत्र्याची,” परब म्हणाले.

प्रत्येक विधानाला “तीन मीटर इकडेतिकडे” अशी पुस्ती ते जोडतात. लेक कधी येणार, असे कुणी विचारले की मात्र यंत्राची बॅटरी तपासू लागतात.

माझी सहधर्मचारिणी ही त्यांची एकमेव श्रद्धाळू श्रोती. तीन वर्षांपूर्वी तिने आरेतील एका पाड्यालगत बेलाचे रोप लावले. गुडघ्यांमुळे मी गेलो नव्हतो. कुदळ परबांनी वाहिली. “याचं पहिलं पान तुमच्या हातून शंकराला हं,” असे ती परतल्यावर म्हणाली होती. गेल्या माघात ती गेली. श्रावणातला पहिला सोमवार उजाडला, आणि ते रोप कोठे आहे हे मला ठाऊकच नव्हते.

“वहिनीचा झाड? मार्क केलेला आसा. चला!”

दाट झाडीत शिरताच यंत्र रुसले. परब खडकावर चढले आणि हात आकाशाकडे उंचावून उपग्रह मोजू लागले. “चार... पाच... गुरुजी, हलू नकात!” मी का हलू नये, हे मला उमगले नाही, तरी नामस्मरण करीत स्थिर उभा राहिलो. सहावा लाभला, बाण वळला.

कमरेएवढ्या गवतात तेवढीच जागा स्वच्छ खुरपलेली होती. भोवती दगडांचे आळे, शेजारी काठीला बांधलेला पाण्याचा कॅन. बेल माझ्या खांद्याशी आला होता.

“परब, उन्हाळाभर याला पाणी कोण घालत होते?”

परब बॅटरी तपासू लागले.

घरी येऊन पूजेस बसलो, तेव्हा प्रथम त्या यंत्रासच गंध लावावे असे वाटले.

“पडद्यार नको, गुरुजी! मागच्या बाजूक!”

मागच्या बाजूस लावले. संकल्पात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणून मी थांबलो, आणि खिडकीशी उभ्या परबांनी सांगितले तसे, आयुष्यात प्रथमच, पुढे अक्षांश-रेखांशाचे अंश आणि कला उच्चारल्या. पाणी सोडले. तिच्या बेलाचे पान वाहिले.

परबांनी हात जोडले होते.

“आता देवाक पोचतला,” ते म्हणाले. “वहिनीकय.”