तिसऱ्या पानावर खाल्लेला आदगोंडा

आपल्या मळ्यात मुंगीलासुद्धा धक्का लागत नाही, असं इस्लामपूरचा आदगोंडा चारचौघांत छाती काढून सांगायचा. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा. त्यामुळे आपल्याच उसात नरभक्षक बिबट्या राहतो, हे त्याला दिवाळी अंकातून कळलं तेव्हा त्याचं टाळकंच सरकलं.

कथा सांगलीच्या विष्णुपंतांची. हेच पंत मागच्या हिवाळ्यात त्याच्या मळ्यात पोटभर काकवी ओरपून गेले होते. कथेतला मळा त्याचा, विहीर त्याची, नावही त्याचंच, आणि तिसऱ्या पानावर बिबट्याची मादी त्याला खाऊन टाकते. मागं फक्त चपला उरतात!

तेही त्यानं सोसलं असतं. पण कथा मोबाइलवरून ऊसतोडीच्या टोळीपर्यंत पोचली आणि मुकादम जयराजनं तोड थांबवली. सगळं खोटं आहे, खाल्लेला माणूस तुझ्यासमोर उभा आहे, असं आदगोंडानं परोपरीनं सांगून पाहिलं.

"तुमाला ऊस तोडून पायजे, तुमी काय बी सांगाल," जयराज म्हणाला. "ज्यानं तिला उसात सोडली, त्यालाच काढू द्या."

उसाला तुरे आले होते. वजन घटत होतं, कारखान्याचा हंगाम संपत आला होता. आदगोंडा तडक सांगलीला, विश्रामबागेत पंतांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आवं पंत, मला खाल्लं ते खाल्लं, पण ती बया उसातनं भाईर काढा."

पंत उखडले. त्यांच्या लेखनात ढवळाढवळ करायची कुणाची छाती नव्हती. शेवटी त्यांच्या पत्नी चारुशीलावहिनींनी डोळे वटारले, तेव्हा कुठे ते पुढचा भाग लिहायला बसले. त्यात ते मादीला गोळी घालणार होते. आता आदगोंडा उखडला. आपल्या उसात हत्या होऊ देणार नाही, कागदावरसुद्धा नाही!

"कथेला शेवट लागतो, आदगोंडा."

"लागू द्या की. पर लेकुरवाळी असंल ती. पिल्लं असतील तिला."

पंतांचे डोळे चमकले. पेन सरसर धावू लागलं. लिहून झालं तेव्हा दिवस मावळतीला आला होता. जेवायची वेळ टळेल म्हणून आदगोंडानं एवढंच विचारलं, "गेली का ती?" पंत म्हणाले, गेली. तो वहिनींनी वाढलेल्या ताटाकडे धावला.

दुसऱ्या दिवशी पंतांनी स्वतः बांधावर उभं राहून टोळीला कथा वाचून दाखवली. मादी पिंजऱ्यात सापडली. दूरच्या जंगलात सुटली. बायकांनी पदरानं डोळे टिपले, जयराजनं कोयता उचलला. आदगोंडाचा जीव भांड्यात पडला.

पंतांनी पान उलटलं. "आणि उसाच्या गर्द सरीत दोन इवली पिल्लं आईची वाट पाहत राहिली."

उचललेले कोयते पुन्हा जमिनीवर टेकले.

"पिल्लं हितं ठिवून आई लांब ऱ्हाती व्हय?" जयराजची बायको मंगल म्हणाली. "आजच्या आज यील माघारी."

टोळी शेजारच्या मळ्यात निघून गेली. मी गोळी घालत होतो, आदगोंडाच आडवा आला, असं पंत ज्याला त्याला सांगत सुटले.

संतापलेल्या आदगोंडानं स्वतःच कोयता उचलला आणि तो तरातरा उसाकडे गेला. सरीपाशी मात्र थांबला, दोनदा जोरात खाकरला, मगच आत पाऊल टाकलं. पिल्लं दचकू नयेत म्हणून, असं तो अजूनही सांगतो.