नानांचा संध्याकाळचा पाहुणा

"बाबा, घरात जनावर आहे का?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"नही," सुपडूनाना म्हणाले.

धुळ्याच्या दवाखान्यात ते पडले होते. कुशीवर वळता येत नव्हतं. घामाने चादर भिजली होती आणि बंडीला शेळीचे केस चिकटले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यातला एक चिमटीत धरला.

"मग हा कुणाचा?"

"घोंगडीना शे."

बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, आजार मणक्यात उतरलाय. कशाचा ते कळलं नाही, तर औषध चुकेल. आता चुकून चालणार नाही." नाना माझ्याकडे बघून हळूच हात जोडत होते. बोलू नको, म्हणून.

नानांचं घर पारोळ्यात माझ्या भिंतीला लागून. बायको गेली, मुलगा सुरतला. घरात नाना आणि चंद्री नावाची शेळी. चंद्रीचं दूध नानांनी कधी चुलीवर ठेवलं नाही. "दूध उकाळं का मरी गयं," असं म्हणायचे. सकाळी शेळीखाली उकिडवे बसायचे, तोंड उघडायचे आणि धार सरळ तोंडात. नेम चुकला की मिशी पांढरी. पाहणाऱ्याला लाज वाटायची, त्यांना नाही.

मग एक पेला माझ्या दारात. "पी, अक्का. हाडं लोखंडनी व्हतीन." ऊन असो, पाऊस असो, पेला चुकला नाही.

सरकारी पिशवीवाला माणूस दिसला की मात्र नाना पार बदलायचे. त्यांच्या साडूच्या गावात रोग आला, तेव्हा सरकारी माणसांनी सगळ्या कोंबड्या पोत्यात भरून खड्ड्यात घातल्या होत्या. ते नानांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे जनावरं मोजणारा माणूस दारात आला. आत चंद्री ओरडली. नाना म्हणाले, "नातू शे." त्यांना नातू नाही.

उन्हाळ्यात चंद्री दिवस भरायच्या आधीच व्याली. पिल्लू हलत नव्हतं. नानांनी उघड्या हातांनी ते ओढून काढलं, त्याच्या नाकाला तोंड लावलं आणि फुंकर मारत बसले. मी म्हटलं, "नाना, मेलंय ते." त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतर ताप सुरू झाला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, सकाळी माणूस बरा. नाना त्याला पाहुणा म्हणायचे. मी भिंतीवरून विचारायची, "आला का पाहुणा?"

"उना. चहाबी पेत नही."

एका डॉक्टरने हिवतापाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने टायफॉइडची इंजेक्शनं. पाहुणा चार दिवस जायचा आणि परत यायचा. नानांचं धोतर कमरेला थांबेना. हसू बंद झालं. मी रोज संध्याकाळी भिंतीला कान लावून बसायची, कण्हणं ऐकू आलं तरी भीती आणि नाही आलं तरी भीती. शेवटी पाठ धरली, उठता येईना, तेव्हा मी जीप करून त्यांना धुळ्याला आणलं.

आणि इथे हा माणूस घोंगडी सांगत होता.

मी झाकून ठेवणाऱ्यातली नाही. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "शेळीचं कच्चं दूध आणखी कोणी प्यायलं असेल, तर त्यालाही हे होऊ शकतं. मला शंका आहे तो जंतू रक्तात हळू वाढतो. साध्या तपासणीत सापडत नाही."

नाना उठायला गेले. पाठीत कळ आली, तोंड वाकडं झालं, तरी कोपरावर टेकले.

"बाई, पहिले अक्कानं रक्त काढा. मी तिले रोज दूध देस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चंद्री, तोंडातली धार, मेलेलं पिल्लू, फुंकर. सांगताना रडत होते. "अक्का, तू मरशी ते मी कोणले हाक मारू?"

"मरत नाही मी," मी म्हटलं. "तुमचं दूध मी रोज उकळून चहात घालत होते."

नानांचं रडणं थांबलं. माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी चंद्रीलाच चुलीवर ठेवलं होतं.

"रोज?"

"रोज."

"दूध मारी टाकं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तरी माझं रक्त काढायला लावलंच. निकाल येईपर्यंत मला झोप लागली नाही. त्यांनाही लागली नसावी, कारण दर थोड्या वेळाने विचारत होते, "अक्का, थंडी वाजस का?" माझ्या रक्तात काही निघालं नाही. त्यांच्या रक्तात निघालं. औषध कितीतरी महिने चाललं. मुलगा सुरतहून येऊन राहिला.

चंद्रीला ढोरांच्या डॉक्टरांनी तपासून नेलं. घरी आल्यावर नानांनी रिकामी दावण पाहिली आणि गुंडाळून ठेवली.

आता ते डेअरीचं दूध आणतात आणि माझ्याच चुलीवर ठेवतात. उतू जाईपर्यंत तिथून हलत नाहीत. उतू गेलं की मग म्हणतात, "आते पी."

नाना वाचले.