वरचं सोडा, बाजूचं सांगा

लातूरला मी दोन वर्षं ज्या घरात राहिले, त्या घराचे मालक रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या घराला धक्का द्यायचे.

धक्का म्हणजे खराखुरा धक्का. गफूरचाचा आधी लुंगी वर खोचायचे, चपला काढून कडेला ठेवायचे, कोपऱ्यातल्या खांबाला उजवा खांदा लावायचे आणि बंद पडलेली जीप ढकलावी तसं घर ढकलायचे. मान लाल व्हायची. दहापर्यंत मोजून ते थांबायचे आणि खांबाकडे संशयाने बघायचे. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीसमोर त्यांची बायको, खैरुनचाची, चहा गाळत बसलेल्या असायच्या. मान वर न करता त्या विचारायच्या, "हिला क्या जी?"

"नै हिला."

"अच्छा. कल देखेंगे."

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातात गादीची वळकटी होती आणि बाबांच्या हातात माझी बॅग. आम्ही नांदेडहून खोली ठरवून आलो होतो. बाबांनी बॅग खाली ठेवलीच नाही. हळूच म्हणाले, "दुसरीकडे बघायचं का?" पण अनोळखी माणसांसमोर मी इतकी लाजायचे, की खोली नको म्हणायलासुद्धा मला शब्द सापडेनात. त्यामुळे मी तिथे राहिले.

त्या काळात लातुरात क्लासेस इतके निघाले होते की ज्याच्याकडे छत होतं त्याने त्यावर दुसरं छत घातलं आणि मधे मुलं ठेवली. आमच्या समोरच्या घराचे बघता बघता चार मजले झाले. चाचांचं घर मात्र तळमजला आणि वर एक मजला, एवढंच. त्यात आम्ही नऊ मुली, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या.

"चाचा, तुम्ही पण चढवा की दोन मजले," समोरचे म्हणायचे. "पाया तर हत्तीचा घालून ठेवलाय तुम्ही."

"वरचं सोडा," चाचा म्हणायचे. "बाजूचं सांगा."

हे त्यांचं पालुपद होतं. चाचांनी तीस वर्षं पुलांच्या कामांवर पायलिंगचं मशीन चालवलं होतं. पाइल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब, ज्याच्यावर पूल उभा राहतो. हे मला दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं, आणि नंतर आठवड्यातून दोनदा. "वजन तर गाढव पण उचलतंय, बेटा. वरून दाबलं की पाइल खाली दाबतो, विषय संपला. खरी गंमत बाजूनं ढकलल्यावर. नदीला पूर आला, बाजूनं. वारा, बाजूनं. भूकंप तर सगळाच बाजूनं. साहेब लोक त्याला लॅटरल म्हणायचे. आम्ही ढकल म्हणायचो."

भूकंप हा शब्द आला की ते पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवायचे. ते दोघं मूळचे औशाकडच्या एका खेड्यातले. माझ्या जन्माच्या आधी झालेल्या त्या भूकंपात त्यांचं घर गेलं. "लोक म्हणतात मातीचं छत, माळवद, वरून पडलं. चूक हाय. आधी भिंत बाजूला गेली. मग माळवद बिचारं कुणावर बसणार? हिनं अंगणातून डोळ्यानं पाहिलंय. तवापासून ही पक्क्या छताखाली झोपत न्हाई. हिच्यासाठी बारा पाइलवर घर बांधलं, आणि ही बघा, पत्र्यात."

चाची मान खाली घालून डाळ निवडत राहायच्या.

चाचांच्या आयुष्यात आता एकच काम उरलं होतं. चाचींना घरात झोपवायचं. तळमजल्यावरची पूर्वेची खोली त्यासाठी तयार होती. पलंग, चादर, पंखा. कुणी झोपायचं नाही, फक्त आम्ही मुलींनी पाळीपाळीने झाडायची. त्या चादरीला नेहमी मधोमध सुरकुत्या असायच्या. माझी रूममेट स्वप्नाली हे मांजरीचं काम आहे असं ठामपणे सांगायची.

आणि चाचींना पटावं म्हणून गच्चीवर प्रयोग चालायचे. करडीच्या तेलाचे चार रिकामे डबे, त्यांत चार प्रकारची माती, प्रत्येकात एकाच मापाची लोखंडी सळई रोवलेली. सळईच्या डोक्याला सुतळी, सुतळी विहिरीच्या जुन्या कप्पीवरून खाली, आणि खाली तराजूचं पारडं. वजनं म्हणून आमची पुस्तकं.

"आज काय आणलंस?"

"फिजिक्स, भाग दोन," मी म्हणायचे.

"चढव."

मांजरा नदीच्या वाळूतली सळई फिजिक्सला दोन बोटं झुकायची, मग वाळू दाबली जाऊन तिथेच अडायची. मुरमातली केमिस्ट्रीचे दोन्ही भाग घेऊनही जागची हलायची नाही. भरावाच्या मातीतली नुसत्या वहीला मान टाकायची. काळी माती सगळ्यांत लहरी. पाणी घातलं की लोण्यासारखी, सळई हळूहळू वाकत राहायची, आम्ही जेवून आलो तरी वाकतच असायची. उन्हात वाळली की दगड. पण वाळताना आक्रसायची आणि सळईच्या भोवती बोटभर फट पडायची.

"हे बघ," चाचा त्या फटीत काडी घालून दाखवायचे. "माती टणक हाय, पाइल टणक हाय. पण मधी फट. टेकायला कायच न्हाई. खाली किती पण खोल जा, बाजूनं ढकललं तर वरची दोन-चार हात मातीच धरती. लगतची. ती सुटली की खोलीला कुणी विचारत न्हाई."

बायोलॉजी सगळ्यांत जड निघाली. बोर्डात येणाऱ्या मुलींना हे आधीच माहीत होतं.

माणसांनाही ते मातीतच मोजायचे. उमरीची स्वप्नाली म्हणजे मुरूम. गावाकडे कुणी काही बोललं, क्लासमधे नंबर घसरला, तरी ही रात्रीची भाकरी दोन घास जास्तच खायची. समोरचे मजलेवाले भराव. माझ्याकडे त्यांनी आठवडाभर बघितलं आणि निकाल दिला, "काळी माती. मे महिन्यातली. वरून टणक, बाजूनं फट."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. इंग्रजी शाळेत मी दहा वर्षं गप्प बसून काढली होती आणि इथेही तेच करत होते. त्या दिवसांत मला घरची फार आठवण यायची. आईला ते कळू नये म्हणून मी फोनवर सांगायचे की स्वप्नाली फार रडते, मला तिच्याजवळ थांबावं लागतं. एकदा आई म्हणाली, दे तिला फोन. मी फोन पुढे केला. स्वप्नालीने माझ्याकडे एकदा बघितलं, फोन घेतला आणि म्हणाली, "हाव काकू. लई रडायले मी. तुमची पोरगी हाय म्हणून बरंय." फोन ठेवून ती परत फिजिक्सचं गणित सोडवायला बसली. पुढे कधीही तिने तो विषय काढला नाही.

तर चाचा. एकदा चाची चहा गाळता गाळता म्हणाल्या, "रोज ढकलून ढकलून तुम्हीच फट पाडाल खांबाला."

चाचांचा खांदा खांबावरच थांबला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ओल्या मातीत सळई मागेपुढे हलवत राहिलं की भोवतीचं भोक मोठं होतं, हे त्यांनीच आम्हाला दाखवलं होतं. तीन दिवस त्यांनी घर ढकललं नाही. गल्लीतले लोक तब्येत विचारायला आले. चौथ्या दिवशी मुरमाची ट्रॉली आली, चाचांनी कोपऱ्यातल्या खांबाभोवती मुरूम ठोकून बसवला आणि पाचव्या दिवशी धक्का सुरू.

घराच्या आत मात्र ते येत नसत. "पोरींचं घर हाय, पुरुषानं आत जाऊ नये," म्हणायचे. आमच्या घरच्यांना हे फार आवडायचं. पंखा बिघडला तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांतून सूचना दिल्या आणि स्वप्नालीने स्टुलावर चढून दुरुस्त केला. गच्चीवर जायचा जिना बाहेरून होता, त्यामुळे तिथे ते दिवसातून दहादा जायचे.

मे महिन्यात एका दुपारी वावटळ उठली आणि पत्र्याच्या खोलीचे चारही पत्रे उडाले. एक समोरच्या गॅलरीत सापडला, एक खूप लांब, ऑटो स्टँडजवळ. चाची गव्हाच्या पोत्यावर बसून वर आभाळाकडे बघत होत्या. चाचांना आनंद लपवता येईना.

"आता तर आत चल," ते म्हणाले.

आम्ही नऊजणी त्यांच्या मागे उभ्या होतो. चाचींनी आमच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ.

"तुमच्या एकट्याच्या ढकलण्याचं काय घेऊन बसले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी ढकला." त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "थेंब सांडला तर मी न्हाई यायची."

मग आम्ही घर ढकललं. चाचा मुकादमासारखे ओरडत होते. "एकामागं एक नका उभ्या राहू. पाइल जवळजवळ रोवले तर पुढचा मार खातो आणि मागचे त्याच्या सावलीत मजा मारतात. सुटसुटीत व्हा. तू, काळी माती, पुढं ये." पत्रा परत द्यायला आलेला ऑटोवाला दारातच थांबला.

"काय अडकलंय?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"घर ढकलतोय," स्वप्नाली म्हणाली.

त्याने थोडा विचार केला, पत्रा खाली ठेवला आणि माझ्या शेजारी खांदा लावला. आम्ही दहापर्यंत मोजलं. सात म्हणताना कुणाला तरी हसू फुटलं, नऊपर्यंत सगळ्याच हसत होतो, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी लातूरला आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसत होते. घर हललं नाही. ग्लासातलं पाणीही नाही.

चाचींनी तो ग्लास उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि उशी घेऊन पूर्वेच्या खोलीत गेल्या. दारातून हात आत घालून, न चाचपडता, त्यांनी पंख्याचं बटन दाबलं.

"या," त्या चाचांना म्हणाल्या.

मुली वर गेल्या. माझं पुस्तक खिडकीपाशी राहिलं होतं, म्हणून मी थांबले. चाचा उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी चौकट तपासली. मग भिंतीवर थाप मारली. मग चपला काढल्या, नीट जोडीने लावल्या, परत लावल्या. शेवटी आत गेले आणि पलंगाच्या अगदी कडेला, दाराकडच्या बाजूला बसले. नजर छताकडे. दोन्ही हातांनी त्यांनी पलंगाची पट्टी धरली होती.

रस्त्यावरून डाळमिलचा भरलेला ट्रक गेला. खिडकीची काच वाजली, नेहमी वाजते तशी.

मी पुस्तक उचलेपर्यंत चाचा अंगणाच्या मध्यावर होते, अनवाणी, तापलेल्या फरशीवर. त्यांचा खांदा थरथरत होता. तोच, उजवा.

चाची उशी काखेत मारून बाहेर आल्या. त्या मोठ्याने, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "मला न्हाई बाई जमत. जीव घाबरा होतो. पत्रे लावा माझे."

चाचांनी श्वास सोडला. मग हळूहळू त्यांचा आवाज परत आला. "बघा. बारा पाइल. नऊ पोरी आणि एक ऑटोवाला. तरी ही घाबरतीच." आणि ते पत्रे गोळा करायला गेले.

मी चाचींबरोबर पोत्यावर बसले. असं कुणाच्या शेजारी आपणहून जाऊन बसणं माझ्या स्वभावात नाही. पण मला एक विचारायचं होतं.

"चाची, त्या दिवशी तुम्ही अंगणात होतात. चाचा कुठे होते?"

"आत," त्या म्हणाल्या. "ढिगाऱ्याखाली. दुपारी काढलं लोकांनी."

त्यांनी उशी मांडीवर घेऊन तिच्या खोळीची गाठ सोडली, परत बांधली. "ते बाजारला गेले की मी आतच झोपते दुपारी. पंखा लई छान हाय." मग माझ्या हातावर चापट मारून म्हणाल्या, "पुलाच्या मशीनवरचा माणूस. त्यानं भ्यालेलं बरं दिसतं का? मी भ्याले तर कोण काय म्हणतंय?"

मी कुणाला सांगितलं नाही. स्वप्नालीने चादरीचा विषय काढला तेव्हा मी म्हटलं, मांजरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चाचांनी लुंगी खोचली, चपला काढल्या, खांबाला खांदा लावला. मी क्लासला निघाले होते. बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी, लगत, माझाही खांदा लावला. ते थोडे सरकले फक्त. आम्ही दहापर्यंत मोजलं.

नव्या खिळ्यांनी ठोकलेल्या पत्र्याखाली चाची चहा गाळत होत्या.

"हिला क्या जी?"

"नै हिला."

"अच्छा," चाची म्हणाल्या, आणि तीन कपांत चहा ओतला. "कल देखेंगे."