उतारा नसलेली प्रश्नपत्रिका

वाचल्याशिवाय समजत नाही, हा मानवजातीचा फार जुना गैरसमज आहे. तो दूर करण्यासाठी एका कॉलेजात ‘वाचन-आकलन कौशल्यवृद्धी कक्ष’ स्थापन झाला. (जागेसाठी ग्रंथालयातली वाचनाची खोली घेतली. ती नाहीतरी नुसती वाचायलाच वापरत.)

कक्षाचे प्रमुख मोठे तळमळीचे. त्यांची पद्धत सोपी. आधी प्रश्न पाहावेत. मग परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य पाहावं, मधल्यावर पिवळ्या पेनाने रेघ ओढावी. रेघ ओढलेला मजकूर वाचल्यात जमा. लेखकाची भूमिका विचारली तर ‘समतोल’ लिहावं. लेखकाला भूमिका नसली तरी हे उत्तर चुकत नाही. पहिल्याच सत्रात मुलांचं आकलन एकशे बारा टक्क्यांवर गेलं. (वरचे बारा टक्के लेखकालाही न समजलेलं समजल्याबद्दल.)

एकच मुलगी मागे पडली. ती सगळं वाचायची. अवघड वाक्यापाशी थांबायची, मागे जायची, पुन्हा वाचायची. मुलांनी तिचं नाव ठेवलं गोगलगाय. ही खोड तिला आत्याने लावलेली. आत्याच्या काळी वर्गात मिळून एकच कादंबरी असे. पाळीपाळीने घरी न्यायची. पुढच्या मैत्रिणीकडे पोचवायला गेलं की ती दारातच विचारी, “शेवटी काय होतं गं? नको, सांगू नकोस!” असल्या मागासलेल्या वातावरणात वाढलेल्या बाईकडून अपेक्षा तरी काय करणार?

आकलनात नापास तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, असा नियम होता. परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती आली. वर ‘पुढील उतारा वाचून उत्तरे लिहा’ आणि खाली थेट प्रश्न. उतारा छापायचाच राहिला होता. पेनं भराभर चालू झाली. गोगलगायीने पान उलटलं, उजेडाला धरलं, शेवटी हात वर केला.

“सर, उतारा नाहीये.”

“बाकीच्यांचं काही अडलंय का?” पर्यवेक्षक म्हणाले.

“पण मी वाचू काय?”

“वाचत बसलीस तर लिहिणार कधी, बाई?”

निकाल विक्रमी लागला. ती सोडून सगळे पास. चौकशी समिती बसली आणि तिने निष्कर्ष काढला, की आकलनातला मुख्य अडथळा उताराच होता. तो कायमचा वगळण्यात आला. मुलीच्या गुणपत्रिकेवर शेरा पडला : ‘उताऱ्यावर फार अवलंबून राहते.’

आत्या तावातावाने कॉलेजात गेली. “अहो, नसलेलं वाचायचं कसं पोरीने?”

“आजी, बाकीच्यांनी वाचलंच ना?” प्रमुख हळुवारपणे म्हणाले.

फेरपरीक्षेत पहिलाच प्रश्न होता, ‘लेखकाला दुःख कशाचे झाले?’ मुलगी बराच वेळ कोऱ्या जागेकडे बघत राहिली. वर्ष वाया जाणार होतं. मग तिने लिहिलं, ‘दुःखाबाबत लेखकाची भूमिका समतोल आहे.’ पहिला वर्ग मिळाला.

घरी आत्याने विचारलं, “या वेळी दिला ना गं उतारा? कसला होता?”

“छान होता.”

आत्याने तिची अर्धी राहिलेली कादंबरी पुढे केली. “घे, आता सावकाश पुरी कर.”

“कळली गं ती मला,” मुलगी म्हणाली. हात काही तिने पुढे केला नाही.

सुज्ञ वाचकांना हे सगळं शीर्षकावरूनच कळलं असेल आणि मतही तयार असेल. ते जरूर लिहून पाठवा. न वाचताच आम्ही त्याच्याशी सहमत होऊ.