बारा जादा पत्रे

दूध संघाचे विठ्ठलराव दारव्ह्याहून निघाले, अर्ध्या तासात तांड्यावर पोचतील, असा फोन आला आणि राजकुमारने माळ्यावर हात घातला. माळ्यावर जुनी गोधडी होती. गोधडीखाली काहीच नव्हतं.

"याडी, माझे बारा पत्रे कुठी हायेत?"

त्याची आई, हंसाबाई, अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही. "हायेत ना. लोकाइच्या घरी."

"लोकाइच्या घरी काहून?"

"वड्या वाळवायले नेले. तूच म्हणे ना, जादाचे हायेत, दूध वाढलं तरच लागतीन म्हणून?"

म्हटलं होतं खरं. राजकुमार पुण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं दुधाची यंत्रं आखत होता आणि दोन वर्षांपूर्वी एक छोटं यंत्र डोक्यात घेऊन परत आला होता. कंपनीत अशा यंत्राला प्लेट हीट एक्सचेंजर म्हणत, तांड्यावर नुसतं 'मशीन'. लोखंडी चौकटीत स्टीलचे हातभर लांब, रेघारेघांचे पत्रे ओळीने टांगायचे आणि बोल्टांनी आवळायचे. दोन पत्र्यांमधल्या एका फटीतून दूध जातं, शेजारच्या फटीतून बर्फाचं पाणी, आणि दुधाची ऊब पातळ पत्र्यातून पाण्यात निघून जाते. खरी करामत पुढेच होती. दूध वाढलं की पत्रे वाढवा, आटलं की काढून ठेवा. वीस पत्र्यांवर यंत्र रोज चालत होतं, पत्रे धुताना-चढवताना हंसाबाई हाताशी असत. 'एका तासात बारा पत्रे चढवून दीडपट दूध थंड करून दाखवतो,' असं राजकुमारने दूध संघाला लिहून दिलं होतं. विठ्ठलराव तेवढंच बघायला येत होते. जमलं तर तांड्यावर संकलन केंद्र होणार होतं. नाही जमलं, तर कॅन पूर्वीसारखेच काळीपिवळी जीपच्या टपावर बसून दारव्ह्याला जाणार आणि उन्हाळ्यात त्यातले काही वाटेतच नासणार.

पत्र्याला चारही कोपऱ्यांत भोकं होती, अंगावर रेघा होत्या. ओल्या मूगवड्यांचं पाणी निथळायला आणि खालून वारा लागायला याहून सोयीची वस्तू तांड्याने पाहिलेली नव्हती. राजकुमार तीन दिवस यवतमाळला सुट्या भागांसाठी गेला होता. तेवढ्यात बारा घरांत बारा पत्रे पोचले.

"अन् त्याच्या कडेचे रबर?"

"ते म्या आधीच काढून ठेवले. खिळ्याले टांगले हायेत, मोजून बारा. वड्याइले रबराचा वास लागला असता."

राजकुमार पळाला. पहिलं घर रुपीबाईंचं.

"काकी, पत्रा द्या लवकर. साहेब येऊन राह्यले."

"देतो ना बापा. पण रिकामा कसा देऊ? तुझ्या मायचं भांडं हाये." रुपीबाईंनी पत्र्यावरच्या वड्या सुपात काढल्या, पत्रा राखेने लख्ख घासला, पुसला, आणि मग त्यावर दुसऱ्या, वाळलेल्या वड्या रचायला घेतल्या.

"काकी, रिकामाच पाहिजे!"

"रिकामं भांडं परत देत असतेत काय? तुझी माय काय म्हणन मले?"

भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तांड्याची रीत. ज्या घरचं असेल तिथे काहीतरी घालूनच ते परत जातं, मग ते भांडं यंत्राचा भाग का असेना. पुढच्या घरच्या पुष्पाने पत्र्यावर लसणाची चटणी लिंपून दिली. एका घरी गूळ फोडून होईपर्यंत थांबावं लागलं. म्हातारे उत्तमसिंग घरी एकटेच होते. त्यांना काही सुचेना, म्हणून त्यांनी पत्र्यावर मूठभर शेंगदाणे ठेवले आणि ते सांडू नयेत म्हणून पत्रा आडवा धरून चालायला सांगितलं. राजकुमार आडवा धरून चालला. मोठ्या माणसापुढे शेंगदाणे फेकायचे कसे?

विठ्ठलराव आले, खुर्चीवर बसले, मनगटावरचं घड्याळ त्यांनी लोकांना दाखवलं. "इंजिनिअर साहेब, आतापासून एक तास."

तेव्हा हाती पाच पत्रे होते. बारावा आला तेव्हा तासातली पस्तीस मिनिटं गेली होती. ती चटणी, तो गूळ गरम सोड्याच्या पाण्याने धुण्यात आणखी आठ. हंसाबाई एकेका पत्र्याला रबर बसवत होत्या आणि सासूने नव्या सुनेला भांडी मोजून द्यावी तसा पत्रा मुलाच्या हाती देत होत्या.

आणि इथे राजकुमार अडला. प्रत्येक पत्र्यावर त्याने शाईने आकडा आणि वरच्या बाजूची खूण केली होती. एक पत्रा सुलटा, पुढचा उलटा, असे एकाआड एक टांगायचे असतात. बारा घरांच्या राखेने बाराही खुणा धुऊन काढल्या होत्या.

खूण नसली म्हणून अडायला नको होतं. ओळखायची रीत त्याला ठाऊक होती. शांत बसून एकेक पत्रा नीट पाहिला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण वीस माणसं बघत होती, तांड्यावरचे खेमसिंग दुधाचे कॅन ओळीने मांडत होते आणि विठ्ठलराव दर पाच मिनिटांनी मनगट वर करत होते. राजकुमारने रेघांवर ओझरती नजर टाकत पत्रे भराभर चढवले.

"बेटा," हंसाबाई हळू म्हणाल्या, "हा सातवा पत्रा पाह्य. एकाच्या रेघा वर जातेत, दुसऱ्याच्या खाली. याच्या अन् शेजारच्याच्या दोघाइच्या वरच जाऊन राह्यल्या."

"याडी, तू वड्या घाल. यातलं तुले काही समजत नाही."

तो ओरडला नव्हता. ओरडला असता तर निदान घाई म्हणून सोडून देता आलं असतं. साध्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. हंसाबाई ओले हात पदराला पुसत मागे सरल्या.

बोल्ट आवळून झाले तेव्हा चार मिनिटं उरली होती. आधी साध्या पाण्यावर चालवून बघायचं, हे पुण्यात त्याने दोनशे पोरांना शिकवलं असेल. त्याने पंप सुरू केला आणि दूध सोडलं.

सातव्या पत्र्याच्या कडेतून दूध बाहेर आलं ते घडीचा पंखा उघडावा तसं. विठ्ठलराव समोरच होते. चष्मा, बुशशर्ट, अर्जाची फाईल सगळं एका दमात पांढरं झालं. राजकुमार पंपाच्या बटणाकडे धावला, घसरला, उठला. तोवर तांड्याच्या सकाळच्या दुधातलं निम्मं अंगणातून नालीकडे चाललं होतं. खेमसिंग एवढंच म्हणाले, "माह्या भुरी म्हशीचं होतं वरच्या कॅनमधी."

हंसाबाईंनी पाना घेतला, बोल्ट सैल केले, सातवा पत्रा काढला, फिरवला, टांगला. बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळले. उरलेलं दूध यंत्रातून गेलं आणि पलीकडे चार अंशांवर निघालं. थेंब गळला नाही.

"तास होऊन बावीस मिनिटं झाली," विठ्ठलराव चष्मा पुसत म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, तरी जे झालं तेच लिहिणाऱ्यातले ते होते. "बाई, मले जे दिसलं तेच लिहीन मी."

केंद्र दुसऱ्या गावाला गेलं. तांड्याचे कॅन पुन्हा टपावर चढले. महिन्याने संघाचं पत्र आलं: दुसऱ्या गावासाठी हेच यंत्र घ्यायचं ठरलं आहे, तिथल्या बायांना पत्रे चढवायला शिकवण्यासाठी श्रीमती हंसाबाईंना सोमवारी पाठवावं. खाली विठ्ठलरावांच्या हातची ओळ होती, 'इंजिनिअर साहेबांनी सोबत येण्याची आवश्यकता नाही.'

सोमवारी काळीपिवळी आली. हंसाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, मांडीवर पिशवी होती. राजकुमार खिडकीशी आला. महिनाभर तो एकच वाक्य जुळवत होता, 'याडी, त्या दिवशी माझं चुकलं.' सकाळी दाढी करताना आरशासमोर ते दोनदा नीट निघालंही होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"याडी..."

"काय बेटा?"

"पाना घेतला का?"

हंसाबाईंनी पिशवीत हात घालून पाना चाचपला, मग मुलाकडे पाहिलं.

"घेतला. काहून, तुले लागते काय आज?"

"नाही," राजकुमार म्हणाला, आणि गाडी निघाली.